बोलण्याचा उपचार : महानगरातील मनोविश्लेषण आणि मनोरचे रुग्णालय

आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात कार्यवृत्त आणि ताळेबंद यांच्या जोडीने एक अभ्यासलेख देण्याचा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. सर्पदंश, क्षयरोग, गरोदर मातांमधील रक्तक्षय अशा विषयांची अपेक्षा वाचकांना असते, आणि आमच्या भागासाठी ती योग्यही आहे. या वर्षीचा विषय मात्र थोडा वेगळा आहे. रुग्णालय पाहण्यास आलेल्या एका देणगीदारांनी, काहीशा थट्टेनेच, विचारले होते की, मुंबईत लोक कोचावर पडून डॉक्टरांशी तासभर बोलतात आणि त्याचे पैसे मोजतात. तसले काही तुम्ही मनोरला सुरू करणार आहात काय? प्रश्न थट्टेचा असला तरी त्याचे उत्तर शोधताना बरेच वाचावे व विचारावे लागले. आम्ही वैद्यकीय शाखेचे नव्हे, वाणिज्य शाखेचे. त्यामुळे हा विषय समजून घेताना आमचे लक्ष उपचाराच्या सिद्धांताइतकेच त्याच्या हिशेबाकडेही गेले, हे आरंभीच नमूद करणे इष्ट.

मनोविश्लेषण म्हणजे काय, हे प्रथम पाहू. सन १८८० ते १८८२ या काळात व्हिएन्ना शहरात जोसेफ ब्रॉयर नावाचे डॉक्टर एका तरुण स्त्रीवर उपचार करीत होते. वैद्यकीय वाङ्मयात ती ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने ओळखली जाते. तिचा उजवा हात लुळा पडला होता, काही काळ तिला स्वतःची जर्मन भाषा बोलता येईना, पाणी समोर असूनही पिववेना. शरीरात दोष सापडत नव्हता. ती बोलू लागली, एकेक लक्षण प्रथम केव्हा व कोणत्या प्रसंगी उद्भवले ते आठवून सांगू लागली, की ते लक्षण सैल पडे, असे ब्रॉयर यांना आढळले. या प्रकाराला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव त्या रुग्ण स्त्रीनेच दिले. थट्टेत ती त्याला धुरांडे साफ करणे असेही म्हणे. ब्रॉयर यांचे तरुण सहकारी सिग्मंड फ्रॉइड यांनी यातून पुढे एक संपूर्ण शास्त्र उभे केले. दोघांचा उन्मादविषयक ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या स्त्रीला पुढे काही काळ आरोग्यधामात राहावे लागले, म्हणजे ब्रॉयर यांच्या हातून ती पूर्ण बरी झाली असे म्हणता येत नाही, हेही इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. पण नंतरच्या आयुष्यात ती बर्था पापेनहाइम या आपल्या खऱ्या नावाने निराधार मुली व स्त्रियांसाठी काम करणारी नामवंत समाजसेविका झाली.

फ्रॉइड यांचा मुख्य विचार असा की, मनाचा फार मोठा भाग आपल्या स्वतःच्या नजरेआड असतो. जाणीव आणि नेणीव ही जोडी संतवाङ्मयामुळे आपल्या कानांना नवी नाही. फ्रॉइड यांनी नेणिवेचा अर्थ वैद्यकाच्या अंगाने लावला. जे दुःख, जी इच्छा, जो राग माणसाला सोसवत नाही, तो ते नेणिवेत ढकलून देतो. तेथे ते गप्प बसत नाही. स्वप्नांतून, बोलण्यातील चुकांतून, आणि कित्येकदा शरीराच्या तक्रारींतून ते वर येते. उपचाराची रीत यावरूनच ठरते. रुग्णाने कोचावर पडून मनात येईल ते, निवड न करता, लाज न बाळगता बोलत जावे. विश्लेषक त्याच्या नजरेआड, मागे बसतो. सल्ला देत नाही, उपदेश करीत नाही, ऐकतो आणि मधूनच एखादा अर्थ सुचवतो. बैठक साधारण पन्नास मिनिटांची, आठवड्यातून चार वा पाच दिवस, ठरल्या वेळी, ठरल्या खोलीत, आणि हा क्रम कित्येक वर्षे. या काळात रुग्ण आपल्या आईबापांविषयीचे, धन्याविषयीचे जुने राग-लोभ विश्लेषकावरच आरोपू लागतो. हे विघ्न नसून उपचाराचे मुख्य साधन आहे, असे हे शास्त्र मानते. खोली तीच, वेळ तीच, माणूस तेच, यामागचे कारण येथे आहे. बाहेरचे सारे स्थिर असेल तरच आतले काय हलते ते दिसते.

हे शास्त्र भारतात फार लवकर आले. कोलकात्यात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली पारशीबागान लेनमधील आपल्या राहत्या घरी ‘इंडियन सायकोॲनॅलिटिकल सोसायटी’ स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला, प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. १९३१ मध्ये फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त सोसायटीने त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली, ती त्यांनी आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. १९३३ साली बोस यांनी कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयातील असा तो देशातील पहिला विभाग समजला जातो. ताप-खोकल्याच्या रुग्णांच्याच दारातून मनाच्या रुग्णालाही आत येऊ द्यावे, ही कल्पना आपल्या देशात त्या दिवसापासूनची आहे.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी १९३८ मध्ये असाच विभाग उघडला. त्याच सुमारास एमिलिओ सेर्वादिओ हे इटालियन मनोविश्लेषक फॅसिस्ट राजवटीच्या वंशविषयक कायद्यांमुळे देश सोडून मुंबईस आले आणि महायुद्ध संपेपर्यंत येथे राहिले. मुंबईतील मनोविश्लेषकांच्या परंपरेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पुढे त्या शहरात ‘सायकोॲनॅलिटिक थेरपी अँड रिसर्च सेंटर’ ही संस्था उभी राहिली. तिच्याद्वारे मुलांवरील व प्रौढांवरील उपचार आणि नव्या विश्लेषकांचे प्रशिक्षण चालते. विश्लेषक होऊ इच्छिणाऱ्याला प्रथम स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे लागते, मग ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहावे लागतात. यात वर्षे जातात. त्यामुळे संपूर्ण देशात मान्यताप्राप्त विश्लेषकांची संख्या कित्येक दशके काही डझनांच्या घरातच राहिली. सेवा घेणारा वर्गही प्रथमपासून शहरी, सुशिक्षित आणि बहुतांशी इंग्रजीत बोलणारा.

दिल्लीत वर्षानुवर्षे विश्लेषणाचा व्यवसाय करून पुढे गोव्यात स्थायिक झालेले डॉ. सुधीर कक्कर यांनी या विषयावर विपुल लेखन केले. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. ते मूळचे अभियंता, नंतर अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि त्यानंतर जर्मनीत शिकलेले मनोविश्लेषक. (आमच्यासारख्या जमाखर्चात वाढलेल्या वाचकाला या क्रमाने थोडा धीर येतो.) १९८२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दर्ग्यातील पीर, राजस्थानातील बालाजीचे मंदिर आणि आदिवासी भगत यांच्या उपचारांचा अभ्यास मांडला. त्यांची टवाळी न करता, तेथे दुःखी माणसाला नेमके काय मिळते हे त्यांनी पाहिले. भारतीय रुग्ण उपचारकाकडे तटस्थ श्रोता म्हणून नव्हे, तर गुरू किंवा घरातील वडीलधारे माणूस म्हणून पाहतो, हा मुद्दाही त्यांच्या लेखनात वारंवार येतो. आमच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कोणाही परिचारिकेला हे नव्याने सांगावे लागणार नाही.

आता हिशेब. उदाहरणादाखल मुंबईतील एका बैठकीचे शुल्क पंधराशे रुपये धरू. आठवड्याला चार बैठका आणि सुट्या वगळून वर्षाचे चव्वेचाळीस आठवडे धरल्यास १७६ बैठका होतात आणि खर्च २,६४,००० रुपये. हे एका वर्षाचे झाले. मनोरच्या रुग्णाला यात प्रवासाची भर घालावी लागेल. मस्तान नाक्यावरून पालघर स्थानक गाठायचे, २०१३ पासून डहाणूपर्यंत आलेल्या लोकलने पुढे सुमारे दोन तास बसायचे, आणि तेवढेच परत. आठवड्यातून चार दिवस म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली. तेव्हा देणगीदारांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सरळ आहे : शुद्ध स्वरूपातील मनोविश्लेषण मनोरमध्ये होणार नाही, आणि होईल असा आव कोणी आणू नये.

परंतु फ्रॉइड यांनाही ही अडचण दिसली होती. १९१८ साली, पहिले महायुद्ध संपत आले असताना, बुडापेस्टच्या परिषदेत त्यांनी जे भाषण केले ते धर्मादाय रुग्णालयाच्या प्रत्येक विश्वस्ताने मुळातून वाचावे असे आम्हांस वाटते. गरिबाला शस्त्रक्रियेचा जसा हक्क आहे तसाच मनाच्या उपचाराचाही आहे, समाजाला हे एक दिवस उमगेल, आणि तेव्हा असे उपचार विनामूल्य मिळतील, असे त्यांचे म्हणणे होते. इतक्या मोठ्या संख्येने उपचार करायचे तर विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात इतर साध्या उपायांचे तांबे मिसळावे लागेल, हेही त्यांनी बजावले. सोन्याचा दागिना टिकावा म्हणून सोनार मिश्रण करतोच. प्रश्न एवढाच की सोने किती उरते.

हे भाषण कागदावर राहिले नाही. १९२० मध्ये बर्लिनला माक्स आयटिंगॉन यांनी स्वतःच्या पैशाने असे चिकित्सालय उघडले. ज्याला जे परवडेल ते त्याने द्यावे, न परवडल्यास देऊ नये, अशी तेथील रीत. त्यांनी आपल्या कामाचे अहवाल आकडेवारीसह छापले, ही बाब आम्ही मुद्दाम नोंदवतो. व्हिएन्नात १९२२ साली दुसरे चिकित्सालय निघाले तेव्हा त्याला स्वतःची जागाही नव्हती. हृदयरोग विभागाच्या खोल्या दुपारनंतर मोकळ्या होत, त्यांतच हे काम चाले. कोचाऐवजी तपासणीचे लोखंडी टेबल होते. जे विश्लेषक तेथे वेळ देऊ शकत नसत ते त्याऐवजी पैसे भरून आपला वाटा उचलीत. नात्झी राजवटीने ही दोन्ही कामे मोडून काढली. पण उसन्या खोलीत, लोखंडी टेबलावर हा उपचार चालू शकतो, हे तोवर सिद्ध झाले होते.

त्यानंतर बोलण्याच्या उपचाराच्या अनेक शाखा निघाल्या. त्यांतील कित्येकांचे प्रवर्तक मूळचे मनोविश्लेषकच होते. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी विश्लेषणाची दीर्घ वाट सोडून १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची थेट, संवादाची पद्धत मांडली. ॲरन बेक यांचा प्रवासही असाच. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धत मराठी माणसापर्यंत आणली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने तिला मोठे व्यासपीठ दिले. मराठीत मनाविषयी मोकळेपणी बोलण्याची जी सवय गेल्या तीन-साडेतीन दशकांत लागली, तिचे बरेच श्रेय अशा कामाला जाते.

आमच्यासारख्या संस्थेला सर्वांत उपयोगी पडणारे काम मात्र गोव्यात व विदर्भात झाले आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ बैठका मिळाल्या, प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ते प्रशिक्षण दिलेले स्थानिक स्त्री-पुरुष होते. तीन महिन्यांनंतर बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने हेच काम गावपातळीवर नेले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे आरंभी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील पेठ हा आदिवासी तालुका आपल्या जव्हार-मोखाड्यासारखाच. तेथे ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातील स्वयंसेवकांना दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे शिक्षण दिले. मिश्रणात तांबे बरेच आहे हे खरे. पण ठरलेली वेळ, तेच माणूस, गुप्तता आणि न टोकता ऐकणे हे सोने त्यात शिल्लक आहे, आणि गुण त्याचाच येतो असे आमचे मत झाले आहे.

मनोरच्या रुग्णालयात हे का हवे? आमचे रुग्णालय महामार्गाच्या काठी आहे. पूर्वेकडून विक्रमगड-वाड्याचे वारली, मल्हार कोळी, कातकरी बांधव येतात, पश्चिमेकडून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील पाळीचे कामगार. त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून एकटे आलेले पुष्कळ. वीटभट्टीवर सहा-सहा महिने जाणारी कुटुंबे आहेत. मोठ्या प्रकल्पांत जमीन गेलेली आणि मोबदल्याच्या पैशावरून भावाभावांत बोलणे बंद झालेली घरे आहेत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे लहानमोठे धक्के बसू लागले, लोक कडाक्याच्या थंडीत घराबाहेर झोपले. त्यानंतर कित्येक महिने ‘जीव घाबरा होतो’ या तक्रारीचे रुग्ण येत राहिले. ‘मला नैराश्य आले आहे’ असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. छातीत धडधडते, डोक्यात मुंग्या येतात, अंग जड पडते, अन्न गोड लागत नाही, असे म्हणतात. सलाईन लावा, सुई द्या, अशी मागणी होते. त्याने दोन दिवस बरे वाटते, मग रुग्ण पुन्हा दाराशी.

त्याआधी बहुतेक जण भगताकडे जाऊन आलेले असतात. ‘बाहेरचे काहीतरी आहे’ हे निदान तेथे मिळालेले असते. शिक्षित मंडळी यावर हसतात. आम्ही हसत नाही. भगत रुग्णाला वेळ देतो, त्याच्या भाषेत बोलतो, घरच्यांना गोळा करतो. आपल्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. भगताकडे नेण्यात उशीर होऊन सर्पदंशाचा किंवा मेंदूज्वराचा रुग्ण दगावतो, तेथे मात्र तडजोड नाही.

एका रुग्णाची हकीकत सांगणे उपयुक्त ठरेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मालमोटार चालवणारे हे गृहस्थ जवळच्याच गावचे. उजवा पाय अचानक बधिर पडतो, ही तक्रार. पाठीच्या कण्याचे चित्रण झाले, नसांची तपासणी झाली, साखर तपासली. मुंबईलाही नेऊन आणले. दोष सापडला नाही. कुटुंबाने त्यासाठी कर्ज काढले होते. मालकाला वाटे की हा कामचुकारपणा आहे, आणि घरच्यांनाही अलीकडे तसेच वाटू लागले होते. आमच्या समाजसेविकाताईंनी त्यांना दर आठवड्याला एका ठरल्या दिवशी अर्धा तास बोलावण्यास सुरुवात केली. पहिल्या तीन बैठका पायाविषयीच झाल्या. चौथ्या बैठकीला, ताईंनी काही विचारले नसताना, त्यांनी आपल्या क्लीनरचे नाव घेतले. घाटात गाडी उलटून तो मुलगा गेला होता. पोलिसांत जबाब झाला होता, विम्याचे कागद झाले होते, पंचनामा झाला होता. पण त्या रात्री ब्रेकवर पाय ठेवल्यानंतर काय झाले हे त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. एकूण अकरा बैठका झाल्या. त्याच काळात आमच्याकडे महिन्यातून दोनदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी झोपेसाठी व उदासीसाठी औषध दिले होते. पाय पूर्वीसारखा झाला असे आम्ही म्हणणार नाही. थंडीत अजून बधिरतो. गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही. सध्या ते एका वजनकाट्यावर काम करतात आणि कर्जाचे हप्ते फेडतात. त्या मुलाच्या आईला भेटून आल्याचे त्यांनी ताईंना शेवटच्या बैठकीत सांगितले.

अशा हकीकतीचा एक उलटा धोकाही असतो. प्रत्येक बधिर पाय मनाचा नसतो. म्हणून तपासणी आधी, हा क्रम आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवून दिला आहे आणि तो कधीही मोडला जात नाही. भास होणे, रात्र-रात्र जागून असंबद्ध बोलणे, फिट्स येणे, विष घेतल्याची किंवा जीव देण्याची भाषा, यांपैकी काही असल्यास अर्ध्या तासाची बैठक हा उपाय नव्हे. तेथे मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे या विषयातील पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉक्टर लागतात, औषधे लागतात, प्रसंगी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवावे लागते. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी येथे सांगून ठेवतो : केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र आणि विनामूल्य, मराठीतही बोलता येते. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात आणण्यास उशीर करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र तणावाखालील व्यक्ती मानले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातील ३०९ क्रमांकाचे कलम उरलेले नाही.

महानगराकडून घेण्यासारखी एक गोष्ट आमच्याकडे नैसर्गिकरीत्या नाही, ती म्हणजे अनोळखीपणा. मुंबईत माणूस उद्वाहनातून चौथ्या मजल्यावर जातो. तो दंतवैद्याकडे गेला की मनोविश्लेषकाकडे, हे शेजाऱ्याला कळत नाही. मनोरमध्ये रिक्षावाल्यालाही कळते. ‘मानसोपचार विभाग’ अशी पाटी लावलेल्या खोलीत येथे कोणी पाऊल ठेवणार नाही. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर मुळीच नाही. २०१७ च्या कायद्याचे कलम २३ रुग्णाच्या गुप्ततेचा हक्क सांगते. परंतु कायदा खोलीचे दार बंद करीत नाही, ते आपण बसवावे लागते. म्हणून रक्तदाब व मधुमेहाच्या तपासणीसाठी जो मार्ग आहे त्याच मार्गावर, क्रमांकाखेरीज कोणतीही पाटी नसलेली खोली असावी, असे आम्ही विश्वस्त मंडळापुढे मांडले. नातेवाइकांनी बाहेर थांबावे, हे समजावणे सर्वांत कठीण जाते. ‘आमच्यापासून लपवण्यासारखे काय आहे?’ असे सासू किंवा नवरा विचारतो, आणि त्यात नेहमीच वाईट हेतू असतो असेही नाही.

दुसरी बाब भाषेची. मुंबईतील विश्लेषण बऱ्याच अंशी इंग्रजीत चालत आले. माणूस स्वप्न मात्र आईच्या भाषेत पाहतो. आमच्याकडे वारली, वाडवळी, आगरी, गुजराती, हिंदी अशा बोलींचे रुग्ण येतात. दुभाष्या बसवला की तिसरे माणूस आले आणि बोलणे तेथेच थांबले. गोव्यातील अनुभवावरून स्थानिक माणसालाच शिकवून तयार करणे हाच मार्ग दिसतो. या वर्षी आमच्या दोन कर्मचारी भगिनींनी, त्यांतील एक स्वतः वारली समाजातील, हे शिक्षण सुरू केले आहे. त्यांना दर पंधरवड्यास मानसोपचारतज्ज्ञांसमोर आपल्या बैठकांचा आढावा द्यावा लागतो. ऐकणाऱ्यालाही कोणीतरी ऐकावे लागते, नाहीतर तो थकतो. मनोविश्लेषकांच्या प्रशिक्षणातील हा नियम आम्ही जसाच्या तसा घेतला आहे.

राहिला खर्च. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही योजना उत्तम आहे, परंतु तिची भाषा मुख्यतः खाटांची आहे. बोलण्याचा उपचार खाट अडवत नाही, म्हणून तो मोजमापात दिसत नाही. देणगीच्या बाबतीतही हेच घडते. क्ष-किरण यंत्रावर दात्याच्या मातोश्रींचे नाव कोरता येते. अर्ध्या तासावर कोरता येत नाही.

आमचा हिशेब असा. महिना पंचवीस हजार वेतन, महिन्याचे बावीस कामाचे दिवस, दिवसाला सहा बैठका, म्हणजे महिन्याला १३२ बैठका आणि प्रत्येक बैठकीला सुमारे १९० रुपये. दिवसाला सहापेक्षा जास्त बैठका घेऊ नयेत, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे व तो आम्ही मान्य केला आहे. तज्ज्ञांचे मानधन, वीज, नोंदवह्या धरून बैठक अडीचशे रुपयांवर जाते. आठ बैठकांचे दोन हजार होतात. मेंदूचे एक सीटी स्कॅन याच घरात पडते, आणि ज्यांना त्याची गरज नसते अशा कित्येकांचे ते होऊन गेलेले असते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, बहुतेक मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविनाच असल्याचे आढळले. त्यामुळे रुग्ण मिळतील की नाही ही चिंता आम्हांला नाही. बैठका पुरतील की नाही, ही आहे.

विश्वस्त मंडळाने जुन्या अभिलेख खोलीचा वापर या कामासाठी करण्यास मंजुरी दिली आहे. पुढील आर्थिक वर्षापासून ताळेबंदात ‘संवाद-उपचार’ हे स्वतंत्र शीर्ष असेल, आणि त्याखाली बैठकांची संख्या, अर्ध्यावर सोडून गेलेल्यांची संख्या व प्रत्यक्ष खर्च दिला जाईल. कोणाही रुग्णाची हकीकत देणगीदारांना वैयक्तिक भेटीतही सांगितली जाणार नाही. दारास रबरी पट्टी लावून आवाज बाहेर न जाण्याची व्यवस्था झाली आहे. दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि भिंतीवर एक घड्याळ एवढेच सामान आत आहे. बैठका सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते दीड या वेळेत होतील. पाळीच्या कामगारांसाठी शनिवारी दुपारी चार ते सहा. नोंदणी केसपेपर खिडकीवर, रक्तदाब तपासणीच्याच रांगेत.